प्लॅटफॉर्मवर वीज आणि प्रोसेस कंट्रोल जोडताना

समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर वीज आणि प्रोसेस कंट्रोल जोडण्याचं काम मिळालंय, सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. अभिनंदन! मुंबई हायसारख्या (अरबी समुद्रातलं तेलक्षेत्र) ठिकाणी जाताय तर आधी लोड शेडिंग, म्हणजे वीज कमी पडली की कमी गरजेची यंत्रं आपोआप बंद करणं, समजून घ्या, बाकी सगळं नंतर. भर समुद्रात बहुधा गॅस टर्बाइन जनरेटरचाच आधार असतो. एक ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की फ्रिक्वेन्सी बघता बघता घसरते. लोड वेळेत सुटला नाही तर उरलेले जनरेटरही जातात आणि अख्खा प्लॅटफॉर्म अंधारात.

नवखे लोड सोडण्याचं हे लॉजिक डीसीएसमध्ये (प्रोसेस चालवणारी संगणकीय कंट्रोल सिस्टिम) टाकू पाहतात. तिथला स्कॅन (सिग्नल वाचून हुकूम देण्याचा एक फेरा) अनेकदा अर्ध्या-एक सेकंदाचा, इथे काम मिलिसेकंदांत व्हायला हवं. ते जनरेटर आणि लोड सांभाळणाऱ्या पॉवर मॅनेजमेंट सिस्टिमकडेच राहू द्या. कोणता लोड आधी सोडायचा ते मात्र प्रोसेसवाल्यांसोबत बसून ठरवा: वॉटर इंजेक्शन पंप (तेलसाठ्यात पाणी ढकलणारा) थोडा वेळ थांबला तर चालतं, फायर वॉटर पंपाला हात लावायचा नाही.

- इमर्जन्सी शटडाऊनचा ट्रिप हार्डवायर्डच, म्हणजे थेट तारेनेच, ठेवा.
- रिले (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारी उपकरणं) आणि डीसीएसची घड्याळं एकाच जीपीएस क्लॉकला जोडा. नाहीतर आधी ब्रेकर पडला की प्रेशर, हे लॉगवरून कळणारच नाही.

आयईसी 61850 ची (वीज उपकरणांच्या आपसातल्या संवादाचं मानक) घाई नको. सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा एकरेषी आराखडा) घ्या, एकच मोटर धरा आणि स्टार्ट कमांड ब्रेकरपर्यंत कशी पोचते ते टर्मिनल-टर्मिनल शोधून काढा.