दूध तुटलेलं मूल

प्रभूमध्ये प्रिय,

सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. एकवीस दिवस रोज पहाटे अर्धा तास गप्प बसलास, देव एक शब्दही बोलला नाही, आणि नोकरी सोडून सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, जावं का, हा प्रश्न होता तिथेच आहे, असं लिहिलं आहेस.

आधी झोपेचं बोलू. रात्रपाळी संपवून हिंजवडीहून येतोस आणि तसाच प्रार्थनेला बसतोस. हे सोड. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण नेहमी होरेब डोंगरावरून सुरू करतो: वारा, भूकंप, अग्नी आणि मग ती शांत, मंद वाणी. पण १ राजे, १९वा अध्याय पहिल्या ओळीपासून वाच. जिवाच्या भीतीने पळालेला, मरण मागणारा तो माणूस एका झुडपाखाली निजला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं, ऊठ, खा म्हणाला. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं. चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची आणि ती वाणी त्याहून पुढची. तेव्हा तूही झोप काढ, पोटभर खा, मग बस. दहा मिनिटं पुरेत.

बसल्यावर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, गाडीचा हप्ता आठवतो, म्हणून तू खट्टू झालास. माझ्या खुर्चीजवळ जुन्या वीजबिलाचा पाठकोरा कागद आणि पेन्सिल असते. गॅस नोंदवायचा राहिला हे आठवलं की तिथे लिहिते आणि पुन्हा स्तोत्र १३१कडे वळते. तीनच ओव्यांचं स्तोत्र आहे. दूध तुटलेलं मूल आईजवळ असावं तसा माझा जीव आहे, असं त्यात म्हटलंय. तुझ्या ताईचा धाकटा आता तेवढाच आहे, त्याच्याकडे नीट बघ. तान्हं असताना आईने घेतलं की तो पदराशी झटायचा, कारण त्याला दूध हवं असायचं. आता येतो आणि नुसता टेकून बसतो. तू रोज उत्तर मागायला बसतोस रे, म्हणून तो अर्धा तास तुला रिकामा वाटतो.

माझंही असंच झालं होतं. बदली घ्यावी की राजीनामा द्यावा हे देवाला विचारत मी एक अख्खा पावसाळा बसले. बदलीबद्दल काही कळलं नाही. डोळे मिटले की बहिणीचा चेहरा समोर यायचा. आईच्या पाटल्यांवरून आमचं बोलणं तुटून चार वर्षं झाली होती. मी तो चेहरा बाजूला सारायची, प्रार्थनेत व्यत्यय म्हणून! शेवटी एका शनिवारी दौंडची गाडी पकडली. तिने दार उघडलं, आणि पहिलं काय बोलली असेल? ‘जेवलीस का?’ बदलीचं पुढे महिन्याभरात आपोआप मार्गी लागलं, पण मी ऐकायला हवं होतं ते बदलीचं नव्हतंच.

म्हणून सांगते, ‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य जपून वापर. लहानग्या शमुवेलाने देवाची हाक तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा तो एली याजकाकडे धावला. ती हाक कोणाची, हे दृष्टी मंदावलेल्या त्या म्हाताऱ्याने ओळखलं. तुलाही असं एखादं वडीलधारं माणूस लागेल. मनात जे उमटेल ते पवित्र शास्त्राशी ताडून बघ, पाळकसाहेबांशी बोल, दोन-तीन महिने जाऊ दे. जे तुला घाबरवून आजच्या आज निर्णय घ्यायला लावतं, त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

तुमच्या तरुण संघातले ड्रम आणि मोठ्याने होणारी प्रार्थना चुकीची, असं मात्र मनात आणू नकोस. दौंडच्या वाटेवर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, आलं तेव्हा मुली एकदम, मोठमोठ्याने, रडत प्रार्थना करत होत्या. आणि त्याच रमाबाई तिथेच वर्षानुवर्षं हिब्रू आणि ग्रीक ग्रंथांवर वाकून मराठी बायबलचं भाषांतर करत राहिल्या. १९२२ साली त्या गेल्या, तोवर ते काम त्यांच्या हाती होतं. एकेका शब्दापाशी इतकं थांबणं हेही ऐकणंच, असं मला गाडी केडगावला थांबली की दर वेळी वाटतं.

सेमिनरीचा फॉर्म आणून ठेव, त्यात काही बिघडत नाही. भरायची घाई नको. येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला, आणि शिष्य त्याला शोधत आले तेव्हा पुढच्या गावांना जाऊ या म्हणाला. मार्क १:३५ ते ३८. या आठवड्यात एवढंच वाच आणि रोज एकाच ओळीपाशी थांब.

रविवारी उपासनेनंतर गुरुवार पेठेत घरी ये. आधी दहा मिनिटं दोघं गप्प बसू, मग जेवू. बहिणीने दौंडहून शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे.

तुझी,
मावशी