अनुभव नसताना रिक्रूटमेंट कन्सल्टंटच्या इंटरव्ह्यूला काय तयारी करून जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही धुळ्याचे, बी.कॉम. झालंय, दोन वर्षं मोबाइलच्या शोरूममध्ये सेल्सला होतात. आता जळगावच्या एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीतून रिक्रूटमेंट कन्सल्टंटच्या, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्याच्या जागेसाठी इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय. या कामाचा अनुभव नाही, मग तयारी कशाची करायची?

मी जळगावातच बरीच वर्षं हे काम करतेय, आणि आमच्याकडे नवीन मुलं घ्यायची असली की इंटरव्ह्यू मीच घेते. म्हणून समोर बसणारा काय बघतो तेच सांगते.

'तुमच्याबद्दल सांगा', 'पाच वर्षांनी कुठे असाल' हे प्रश्न आम्हीही विचारतो, पण त्यावर निवड ठरत नाही. ती ठरते मॉक कॉलवर, म्हणजे उमेदवाराला करायच्या फोनच्या नकलेवर. मी म्हणते, "समजा मी चोपड्याचा मुलगा. डिप्लोमा मेकॅनिकल, नाशिकला सातपूरमध्ये नोकरी, पगार अठरा हजार. जळगाव एमआयडीसीत पाईपच्या कंपनीत शिफ्ट सुपरवायझरची जागा आहे, पंचवीस हजारांची. लावा मला फोन."

बहुतेक जण एका दमात कंपनी, पगार, पत्ता सगळं सांगून टाकतात आणि शेवटी विचारतात, "इंटरेस्टेड आहात का?" मुलगा 'हो' म्हणतो. हो म्हणायला त्याचं काय जातंय? मग इंटरव्ह्यूच्या दिवशी त्याचा फोन बंद लागतो.

ज्याला मी लगेच घेईन त्याचा कॉल साधारण असा जातो:

"नमस्कार, अमुक कन्सल्टन्सीतून बोलतोय. ड्युटीवर आहात का? दोन मिनिटं जमतील?"
"हां, बोला."
"अठरा हजार म्हणता ते हातात, की कापायच्या आधीचे?"
"हातात साडेपंधरा पडतात."
"आणि रूम?"
"तिघांत आहे. दोन हजार माझे, डबा वेगळा."
"जळगावला आलात तर घरून ये-जा कराल की इथेच राहाल? रात्रपाळी आहे, म्हणून विचारतो."
"ते घरी विचारून सांगतो."
"घरी कोणाशी बोलावं लागेल? वडिलांशी?"
"मोठ्या भावाशी."
"बरं. मग भाऊंशी बोलून घ्या, मी उद्या संध्याकाळी सात वाजता फोन करतो. त्यांना काही विचारायचं असेल तर मी त्यांच्याशीही बोलेन."

यात पगाराची जाहिरात कुठेही नाही. तरीही त्या मुलाचा सगळा हिशेब तुमच्या वहीत आला. आपल्याकडे 'घरी विचारून सांगतो' हे खरंच असतं, टाळाटाळ नसते. निर्णय कोण घेणार हे ज्याने विचारून घेतलं, त्याची लाइनअप, म्हणजे इंटरव्ह्यूला ठरवलेला उमेदवार, टिकते. समोरचा अहिराणीवर, आपल्या खानदेशच्या बोलीवर, आला तर तुम्हीही या. "भाऊ, राहानी सोय शे का?" असं विचारणाऱ्याला पुस्तकी मराठीत उत्तर दिलंत की तो पुन्हा 'सर, सर' करायला लागतो आणि मोकळं बोलणं तिथेच थांबतं. तुम्ही धुळ्याचे आहात, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. इंटरव्ह्यूत ती लाजत लपवू नका, स्वतःहून सांगा.

घरी बहिणीला किंवा मित्राला उमेदवार करा आणि असे कॉल करून रेकॉर्ड करा. ऐकताना एवढंच बघा की जास्त वेळ कोण बोलतंय. तुम्हीच बोलत असाल तर पुन्हा करा.

आता आकडे. पगाराचं गणित तोंडपाठ हवं, कारण उमेदवार 'हातात किती' हेच विचारणार आणि आम्हीही इंटरव्ह्यूत तेच विचारतो. समजा महिन्याची सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्या माणसावरचा एकूण खर्च, 25,000 आणि त्यातलं बेसिक 15,000. पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 1,800. कंपनीचे 1,800 बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेले असतात, म्हणून ग्रॉस, म्हणजे कापायच्या आधीचा पगार, उरतो 23,200. त्यातून मुलाचे स्वतःचे 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्सचे 200 गेले की हातात 21,200. ग्रॉस 21,000 च्या आत असेल तर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू होतं: कामगाराचे 0.75 टक्के, कंपनीचे 3.25 टक्के. हे उमेदवाराला आधी सांगितलं नाही तर पहिल्या पगाराच्या दिवशी तो म्हणतो, 'मला फसवलं'. आणि त्याच्या बाजूने ते खरंच असतं.

कन्सल्टन्सीची कमाई कशी होते, हेही माहीत हवं. ठरलेली पद्धत अशी की मुलगा जॉइन झाला की कंपनी त्याच्या वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के फी देते, म्हणजे एक महिन्याचा पगार, वर 18 टक्के जीएसटी. वर सांगितलेल्या पंचवीस हजारांच्या जागेला वर्षाचे तीन लाख धरले तर फी पंचवीस हजारांच्या घरात जाते. हा दर घासाघिशीत खाली-वर होतो. बरोबर रिप्लेसमेंटची अट असते, साधारण 60 किंवा 90 दिवसांची. तेवढ्यात मुलगा सोडून गेला तर दुसरा माणूस विनाफी द्यावा लागतो. म्हणजे ज्याला घाईत 'हो' म्हणायला लावलं, तो महिन्याभरात गेला की सगळी मेहनत पाण्यात.

तुम्हाला खरोखर वेगळं दिसायचं असेल तर आणखी एक काम करा. इंटरव्ह्यूच्या आधी जळगाव किंवा धुळ्यातली एक खरी जागा नोकरी डॉट कॉमवर किंवा अपना ॲपवर शोधा आणि ती तुम्हालाच भरायची आहे असं समजून एका कागदावर तयारी लिहून न्या. असा कागद घेऊन येणारा उमेदवार क्वचित भेटतो. भेटला की मी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून त्या कागदावरच बोलते.

त्या कागदावर काय असावं? पाईपच्या कंपनीचंच घ्या. पोर्टलवर 'पाईप' टाकून शोधलंत तर सेल्सचीच माणसं जास्त येतील. पीव्हीसी पाईप एक्स्ट्रूडरवर बनतो, म्हणून बायोडेटात शब्द असतो 'एक्स्ट्रूजन'. ठिबकचे ड्रीपर आणि फिटिंग बनवणाऱ्याच्या बायोडेटात असतो 'इंजेक्शन मोल्डिंग'. जळगावच्या चटई कारखान्यांना लूम चालवणारा लागतो, डाळ मिलला मेंटेनन्सचा फिटर. नंदुरबारकडे नवापूरच्या एमआयडीसीत कापडाचं काम आहे, तिथला मुलगा सुरतेचाही विचार करतो, कारण सुरत त्याला सोयीची पडते. हे ज्याला कळलं त्याला माणूस कुठे शोधायचा ते आपोआप कळतं: आयटीआय, जळगाव-धुळ्याची शासकीय तंत्रनिकेतनं, शिरपूरची कॉलेजं, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा प्लेसमेंट विभाग, आणि पुणे-नाशिकला गेलेली पण गावाकडे परतायची इच्छा असलेली पोरं. ही शेवटची मंडळी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि श्रावणात कानबाईच्या सणाला गावी येतात. त्या आठवड्यात समोरासमोर भेटी ठरवता येतात, फोनवर महिनाभर जे ठरत नाही ते घरच्यांसमोर बसून ठरतं. उलट आखाजीच्या तोंडावर जॉइनिंगची तारीख दिलीत तर ती पुढे जाणार हे गृहीत धरा.

कागदाच्या मागच्या बाजूला कंपनीला विचारायचे प्रश्न लिहा. मालक फोनवर म्हणतो, "एक चांगला सुपरवायझर द्या." चांगला म्हणजे कसा, हे त्याच्याकडून काढून घेणं हे तुमचं काम. आधीचा का सोडून गेला? शिफ्ट आठ तासांची की बारा? हाताखाली किती माणसं, त्यात हिंदी बोलणारी किती? पगार कोणत्या तारखेला होतो? कंपनीची गाडी आहे की अजिंठा चौफुलीपासून आपापल्या सोयीने जायचं? 'आधीचा का गेला' हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मालक टाळत असेल तर तीच अडचण नव्या माणसालाही येणार.

एक अवघड प्रश्न नक्की येईल, आणि तो यायलाच हवा: "क्लायंट म्हणाला, आपल्यातलाच मुलगा बघा, किंवा लग्न झालेली बाई नको. काय कराल?" 'क्लायंट म्हणेल तसं' हे उत्तर मला चालत नाही. कामाला नेमकं काय लागतं ते मी विचारून घेईन, त्या कामात बसणारे सगळे बायोडेटा पाठवेन आणि जात किंवा लग्न पाहून गाळणार नाही, असं सरळ सांगा. बाईला बाई म्हणून भरतीत डावलणं कायद्यालाही मान्य नाही. इथे ज्याचा आवाज अडखळत नाही, त्याच्यावर मी पुढेही विसंबून राहू शकते.

आणि आता तुम्ही त्यांना विचारायचा प्रश्न. आपल्या भागात 'रेल्वेत लावून देतो', 'ऑर्डनन्स फॅक्टरीत लावून देतो' असं सांगून गरिबाच्या घरातले पैसे नेणारे लोक आहेत. भुसावळचं रेल्वे जंक्शन आणि वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी जवळ असल्यामुळे अशा थापा पटतातही. सरकारी भरती परीक्षेने आणि ठरलेल्या प्रक्रियेने होते, ती कुठल्याही कन्सल्टन्सीच्या हातात नसते. म्हणून इंटरव्ह्यूत स्पष्ट विचारा: "आपण उमेदवाराकडून पैसे घेतो का?" रजिस्ट्रेशनच्या, ट्रेनिंगच्या किंवा फॉर्मच्या नावाखाली पैसे घेत असतील तर तिथे जाऊ नका, पगार कितीही सांगोत. उद्या तुमच्याच गावचा मुलगा पावती घेऊन तुमच्या दारात येईल. त्याने शेत गहाण ठेवून पैसे दिलेले असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

इन्सेंटिव्हबद्दलही तिथेच बोला. ते जॉइनिंगवर मिळतं, की क्लायंटचं पेमेंट आल्यावर? रिप्लेसमेंट द्यावी लागली तर कापतात का? ऑफर लेटरमध्ये लिहून देणार का? हे विचारलं म्हणून कोणी वाईट समजत नाही. या धंद्यात जो स्वतःच्या पैशांचं नीट बोलू शकत नाही, तो उमेदवाराच्या पगाराचं काय बोलणार?

तुमच्या सेल्सच्या दोन वर्षांबद्दल: 'टार्गेट पूर्ण केलं' एवढं सांगून थांबू नका. जो ग्राहक 'नंतर येतो' म्हणून गेला आणि तुमच्या फोनमुळे परत आला, असा एक प्रसंग सांगा. तेव्हा काय बोललात, किती दिवसांनी बोललात, सगळं. ऑफर दिल्यापासून जॉइनिंगपर्यंतचा काळ अगदी तसाच असतो. राजीनामा दिला का, जुन्या कंपनीने पगार वाढवून थांबवलं का, रिलीव्हिंग लेटर (जुन्या कंपनीचं सोडल्याचं पत्र) कधी मिळणार, हे दर चार-पाच दिवसांनी विचारत राहावं लागतं.

बाकी किरकोळ. एक्सेलमध्ये फिल्टर आणि सॉर्ट यायला हवं. साधा फॉर्मल शर्ट पुरे, टाय नको. बायोडेटाच्या दोन प्रती न्या.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांना फोन करून वेळ पक्की करा. "उद्या अकराला येतोय, धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे येणार आहे, उशीर होतोय असं वाटलं तर रस्त्यातूनच कळवेन," एवढं बोला. आम्ही रोज उमेदवारांकडून याच फोनची वाट बघतो, आणि तो फारसा कोणी करत नाही.