पाणी कुणी दाखवलं ते आधी लिही

प्रिय पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला आणि तिन्ही मसुदे रात्री जागून वाचले. तुमच्या तिथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या जुन्या सर्व्हेयर-पुढाऱ्यावर, जॉन फॉरेस्टवर, लिहायला घेतलंस, पहिल्या मसुद्यात तो थोर एक्स्प्लोरर झाला, दुसऱ्यात लुटारू, आणि तिसऱ्यात दोन्ही बाजू द्यायच्या म्हणून तोलत बसलीस तर लेखात फॉरेस्टच उरला नाही. आता विचारतेस, काका, पर्थच्या किंग्ज पार्कमधल्या त्याच्या पुतळ्यासमोर उभं राहिलं की नक्की काय वाटायला हवं?

पुतळ्याचं नंतर बघू. आधी मला एवढंच सांग, पाणी कुणी दाखवलं?

तुझ्या तीन मसुद्यांत मिळून फॉरेस्टच्या सफरींवरचा आदिवासी वाटाड्या टॉमी विंडिच एकदा येतो, तोही "विश्वासू आदिवासी सोबती" म्हणून. दुसरा वाटाड्या टॉमी पिएर तर कुठेच नाही. अगं तू स्वतः सर्व्हेयर आहेस ना? साइटवर चार दिवस काढलेल्या माणसाला हे सुचायला नको? खरं सांगतो, मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

१८७४ ची सफर घे. चॅम्पियन बे, म्हणजे आजचं जेराल्डटन, तिथून निघून मर्चिसन नदीच्या वरच्या अंगानं थेट पूर्वेला, मधलं सगळं कोरडं रान तुडवून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या टेलिग्राफच्या लाइनपर्यंत पोचायचं. माणसं सहा, त्यात फॉरेस्टचा भाऊ अलेक्झांडर आणि हे दोन टॉमी. बाकी घोडे. घोड्यांना रोज पाणी लागतं, त्यामुळे त्या सफरीत रोजचा एकच प्रश्न होता, आज पाणी कुठे. जूनच्या सुरुवातीला फॉरेस्ट आणि पिएर पाणी शोधायला ओढ्याच्या कडेनं वर गेले. पिएरनं पुढे पक्ष्यांचे थवे उडताना बघितले आणि फॉरेस्टला दाखवले. तिथे जिवंत झरा निघाला, पुढचे दोन आठवडे सगळी मंडळी त्यावर जगली. पक्षी बघितले पिएरनं आणि झऱ्याला नाव कुणाचं लागलं? कॉलनीच्या तेव्हाच्या गव्हर्नर वेल्डचं. वेल्ड स्प्रिंग्ज.

आता घाई करून दुसऱ्या मसुद्याकडे पळू नकोस. पिएरनं पक्षी दाखवले हे आपल्याला कळलं कुठून? फॉरेस्टच्याच डायरीतून. त्यानं ते लपवलं नाही. त्याच्या काही दिवस आधी सापडलेल्या एका झऱ्याला त्यानं स्वतः विंडिचचं नाव दिलंय, नकाशात आजही आहे. म्हणजे हा माणूस नाव द्यायला कंजूष नव्हता आणि पाणी कुणामुळे मिळालं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर पुढची गोष्ट जास्त लागते.

आणि वेल्ड स्प्रिंग्जला "शोध लागला" असलं काही लिहू नकोस. ते पाणी तिथल्या लोकांचं होतं. परकी माणसं आणि घोडे आपल्या पाण्यावर ठाण मांडून बसलेत म्हटल्यावर १३ जूनला चाळीस-साठ जण भाले घेऊन आले, फॉरेस्टच्या लोकांनी गोळ्या झाडल्या, आणि मग झऱ्याजवळ दगडांची छोटी खोली रचून रात्री तिच्यात काढल्या. कुणाच्या पाण्यावर कोण किल्ला बांधतोय ते बघ.

सप्टेंबरअखेर ते टेलिग्राफ लाइनला पोचले. फॉरेस्टला लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं गोल्ड मेडल मिळालं, पाच हजार एकर जमीन मिळाली, १८८३ मध्ये तो सर्व्हेयर जनरल झाला आणि १८९० मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा पहिला प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. हे सगळं तुझ्या मसुद्यात नीट आहे, त्याला हात लावू नकोस.

पण प्रीमियर झाल्यावरचं तू फार भरभर उरकलंस. तिथेच खरी गोष्ट आहे. सोनं सापडलं, कूलगार्डी-काल्गुर्लीकडे माणसांचे लोंढे निघाले आणि प्यायला पाणी नाही. पुन्हा पाणीच! फॉरेस्टनं २५ लाख पौंडांचं कर्ज काढलं, सी. वाय. ओकॉनर या इंजिनियरच्या आराखड्यावर विश्वास टाकला, लोक वेड्यात काढत होते तरी मागे हटला नाही, आणि पर्थजवळच्या मंडारिंगहून पाचशे किलोमीटरच्या वर पाइपलाइन टाकून पाणी सोन्याच्या खाणींपर्यंत ढकललं. तो हट्ट मला आवडतो, लपवत नाही. पण पाणी काल्गुर्लीला पोचलं १९०३ च्या जानेवारीत आणि ओकॉनरनं पेपरातले आरोप सोसून सोसून मार्च १९०२ मध्येच फ्रीमँटलच्या समुद्रात घोडा घातला आणि स्वतःवर गोळी झाडली. पाणी दाखवणारा पुन्हा मागेच राहिला, आणि हा तर गोरा होता, साहेब होता.

आता १८९७ बघ. कॉलनीला स्वतःचं सरकार मिळालं तेव्हा लंडननं घटनेत एक कलम घातलं होतं, सत्तरावं. आदिवासींसाठी दरवर्षी ५ हजार पौंड, आणि महसूल ५ लाखांच्या वर गेला की त्याचा एक टक्का. सोन्यामुळे महसूल त्या आकड्याच्या कितीतरी वर गेला, म्हणजे एक टक्का ही मोठी रक्कम झाली असती. फॉरेस्टच्या सरकारनं ते कलमच काढून टाकायला लावलं आणि पुन्हा पाच हजारांवर आणून ठेवलं. ज्याच्या डायरीत पिएरचे पक्षी आहेत त्याच माणसानं हे केलं, आणि मला वाटतं तुझा लेख इथे उभा राहतो. डायरी लिहिताना पिएर शेजारी चालत होता, फाइलवर सही करताना शेजारी कुणी नव्हतं. म्हणून म्हणतो, पाणी कुणी दाखवलं ते पहिल्या ओळीत लिही, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत त्याचं नाव तुझ्या डोळ्यासमोर राहील आणि फॉरेस्टला मापायला दुसरी पट्टी लागणार नाही.

एवढा का चिडतोय ते सांगतो, आजवर कुणाला सांगितलं नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी मला पाझर तलावाची जागा बघायला डोंगरातल्या एका वाडीवर पाठवलं. तीन दिवस लेव्हल घेत फिरलो, काही जमेना. चौथ्या दिवशी चेन धरायला येणारे एक म्हातारे ठाकर मला ओढ्यातून वर घेऊन गेले आणि उंबराच्या खाली ओल दाखवली, भर एप्रिलात. म्हणाले, साहेब, हितं खाली खडक हाय, पाणी सांडत न्हाय. खणून बघितलं, त्यांचं खरं निघालं. तलाव तिथेच झाला, अजून आहे, उन्हाळ्यात खालच्या तीन विहिरींना पाणी असतं. रिपोर्टमध्ये मी काय लिहिलं? "प्रत्यक्ष पाहणीअंती जागा निश्चित केली." कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव लागलं आणि मला वरिष्ठांकडून शाबासकी मिळाली, ती मी घेतली.

आता तू म्हणशील रिपोर्टच्या फॉर्मला तसा रकानाच नसतो. नसतोच. मी स्वतःला वीस वर्षं हेच सांगितलं. मजुरांची नावं मस्टरवर होती, ते काही माझं काम नव्हतं, आणि नवखा होतो, वरच्यांनी खोडलंच असतं, हेही खरंच आहे. पण फील्ड बुक, म्हणजे साइटवरची नोंदवही, तर माझं होतं ना, त्यात कोण खोडणार होतं? त्यात लेव्हल आहेत, स्केच आहे, उंबरसुद्धा आहे. ते नाहीत. मी त्यांना मामा म्हणायचो, पूर्ण नाव कधी विचारलंच नाही. या बाबतीत फॉरेस्ट माझ्यापेक्षा बरा, त्यानं डायरीत तरी लिहिलं.

त्यामुळे तिसऱ्या मसुद्यातलं ते "त्या काळाच्या चौकटीत बघायला हवं" हे वाक्य काढ. मला सहन होत नाही ते. माझ्याही काळाला चौकट होती, आणि पेन्सिल माझ्या हातात होती.

एक काम कर. सुट्टी मिळाली की एस्परन्सला जाऊन ये. लांब आहे, सातशे किलोमीटर, पण जा. १८७० मध्ये फॉरेस्ट आणि विंडिच त्या किनाऱ्यानं ॲडलेडपर्यंत गेले होते, नंतर त्याच बाजूनं टेलिग्राफची तार टाकली आणि त्या कामावर असतानाच १८७६ मध्ये विंडिच न्यूमोनियानं गेला. त्याच्या कबरीवर दगड बसवला तो फॉरेस्ट भावांनी. त्यावर त्याच्या हुशारीबद्दल आणि इमानाबद्दल लिहिलंय. तिथे उभी राहून त्यातला शब्द न् शब्द फील्ड बुकात उतरवून घे, आणि मग कलम सत्तर पुन्हा वाच. दोन्ही एकाच माणसाचं आहे, फक्त मध्ये एकवीस वर्षं आहेत. चौथा मसुदा तिथून परत आल्यावर लिही, आधी नको. आणि पिएरचे पक्षी मला पहिल्या पानावर हवेत.

पाऊस उघडला की मीही त्या वाडीवर जाऊन येणार आहे. गुडघ्याचं कारण पुरे झालं. मामांच्या घरचं कुणी भेटलं तर नाव विचारतो, जुनं फील्ड बुक माळ्यावरून काढून ठेवलंय, उंबराच्या स्केचशेजारी जागा आहे.

तुझा,
काका