काळोखात जेवायला जाऊ की नको?

प्रश्न: नमस्कार ताई. मुलगा कामासाठी झ्युरिकला असतो, मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडे चाललोय आणि त्याने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला एका मिट्ट काळोखाच्या रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक करायचं ठरवलंय, म्हणजे स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही आणि वाढायला अंध माणसं. मिस्टर म्हणतात पैसे मोजून आंधळं कशाला व्हायचं. माझी अडचण वेगळीये. माझा धाकटा भाऊ लहानपणापासून अंध आहे, बँकेत नोकरी करतो, रोज पार्ला ते चर्चगेट एकटा लोकलने जातो. त्याच्या आयुष्याची आपण तासाभराची करमणूक करतोय असं तर नाही ना होणार? त्याला अजून सांगायचा धीर झालेला नाही. शिवाय मला बंद जागेत घाबरायला होतं आणि आम्ही शाकाहारी, पुढ्यात काय आलंय ते कळणार कसं?
एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: ताई, आधी भावाला फोन करा. बाकीचं सगळं त्याच्यानंतर. त्याच्यापासून लपवून गेलात तर तिथे प्रत्येक घासाला मनात टोचत राहील, आणि खरं सांगू का, या विषयात तुमच्या घरातला सगळ्यात जाणकार माणूस तोच आहे.

तुमची शंका मात्र अगदी रास्त आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी, त्यातली एक स्वतः अंध, लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना थोडा वेळ वावरायला लावलं. नंतर विचारलं तर त्या लोकांना अंधांबद्दल आपुलकी वाटली खरी, पण अंध माणूस नोकरी करू शकतो, एकटा राहू शकतो यावरचा त्यांचा विश्वास उलट कमी झाला. कारण त्यांनी अनुभवला तो आंधळेपणाचा पहिला तास, धडपडण्याचा. तुमच्या भावाकडे कितीतरी वर्षांचा सराव आहे, त्याचा त्या पहिल्या तासाशी काय संबंध! म्हणून तिथून बाहेर पडल्यावर त्याला "आता कळलं रे तुझं दुःख" असं म्हणू नका, प्लीज. माझ्या ओळखीचे अंध लोक या एका वाक्याला फार कंटाळलेत.

पण या जेवणात आणि नुसत्या पट्टी बांधण्यात एक मोठा फरक आहे, तिथे तुमच्या शेजारी काम येणारं माणूस उभं असतं. मी परीक्षेला अंध मुलांची रायटर म्हणून बरीच वर्षं बसते, त्यांच्या घरी जेवलेय, आणि एकदा परदेशात अशा ठिकाणीही जेवले. फोन, घड्याळ, जे काही चमकतं ते सगळं बाहेर लॉकरमध्ये. मग रांगेत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, जाड पडद्यांतून आत. मला वाटलं होतं थोड्या वेळाने डोळे सरावतील, आपल्याकडे लाइट गेल्यावर सरावतात ना तसे, पण ते सरावायला कुठूनतरी जरासा उजेड लागतो आणि तिथे तो नसतोच, त्यामुळे तासानंतरही तेवढंच काळं. लोक आधी मोठमोठ्याने बोलत होते, हळूहळू आवाज खाली आले. आणि आमची वाढपी ताई भरलेल्या डिश घेऊन, कुणाला धक्का न लावता टेबलांमधून ये-जा करत होती, प्रत्येकाला नावाने ओळखत होती. आम्ही डोळसच तिला हाका मारत बसलेलो. ते बघायला, म्हणजे ऐकायला, जा.

तुमच्या मुलाने कुठलं ठरवलंय माहीत नाही, पण झ्युरिकलाच १९९९ मध्ये ब्लिंडेकू नावाचं असं रेस्टॉरंट सुरू झालं, एका जुन्या चॅपलमध्ये, अंध लोकांनी पुढाकार घेऊन. जगातलं या तऱ्हेचं पहिलं कायमचं रेस्टॉरंट तेच मानतात. नावाचा अर्थ चक्क आंधळी कोशिंबीर, आपला लहानपणीचा खेळ. त्याच्या आधी १९८८ ला जर्मनीत फ्रँकफर्टला डायलॉग इन द डार्क हे प्रदर्शन सुरू झालं होतं, त्यातही अंध गाइडच डोळसांना काळोखातून फिरवतात. मिस्टरांना एवढंच सांगा की त्या बिलातून अंध माणसांचा पगार निघतो, आणि तो दया म्हणून नाही, कामाचा.

आता जेवणाचं. चमच्याने माझी फार पंचाईत झाली, रिकामाच तोंडात यायचा. शेवटी ठेवला बाजूला आणि हाताने जेवले, कोण बघतंय! बोटांना भात कळतो, गरम कळतं, तुकडा केवढा ते कळतं. आणि आपल्याला तर आजीने वाढायला शिकवलेलं पान आहेच, वर मध्यभागी मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या हाताला भाज्या, वाटीत आमटी, भात मधोमध. ज्याला ही मांडणी पाठ आहे त्याचा हात न बघता बरोबर लोणच्यावर जातो. अंध लोक ताट म्हणजे घड्याळाची तबकडी असं धरून सांगतात, तीनला भाजी, सहाला भात, नऊला चटणी. तिथे तुम्हीही बिनधास्त विचारा काय कुठे आहे. पाणी ओतताना बोटाचं टोक ग्लासच्या काठातून आत ठेवायचं, ओलं लागलं की थांबायचं.

चवीत मात्र गोंधळ होतो, आणि त्यातच मजा आहे. चव आपण बरीचशी डोळ्यांनी ठरवतो. फ्रान्समध्ये बोर्डोला वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली तर त्यांनी लाल वाइनला वापरतात ते शब्द वापरून तिचं वर्णन केलं, २००१ मध्ये छापून आलेला प्रयोग आहे हा. मी स्वतः बीट खाल्लं आणि गाजर म्हणून सांगितलं.

शाकाहाराचं बुकिंग करतानाच सांगायचं, अंडं चालतं का, चीज चालतं का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, सगळं. आत गेल्यावर ताटात बघून बाजूला काढायची सोय नाही, म्हणून हे विसरू नका. आणि भीतीचं म्हणाल तर मुलाला आधीच कळवायला लावा, कडेची जागा मागायला सांगा, आत जायच्या आधी वाढणाऱ्याचं नाव नीट लक्षात ठेवा आणि गुदमरायला लागलं की हाक मारा, ते तुम्हाला उजेडात आणून सोडतात. दहा मिनिटांत बाहेर आलात तरी काही बिघडत नाही, कॉफी पीत बसा, बाकीचे येतील.

प्रश्न: हे घरच्या घरी मुलांना करून दाखवता येईल का? वय ८ आणि ११. वनरूम किचन आहे.
एक बाबा, डोंबिवली

उत्तर: येईल की, पण खोलीत काळोख करायच्या मागे लागू नका, फ्रिज, राउटर, मच्छर मशीनचा लाल ठिपका, खिडकीतून येणारा रस्त्यावरचा दिवा, काही ना काही राहतंच. सुती ओढणी दुहेरी करून बांधा. मुलं आधी बसू देत, मग बांधा, पट्टी बांधून चालायला लावू नका. वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडी असं साधं वाढा. गरम आमटी नको, आणि काट्यांचा मासा तर अजिबात नको. एक प्रयोग जरूर करा, नाक चिमटीत धरून आंब्याची फोड आणि केळं खायला द्या, नुसतं गोड लागतं, कुठलं काय ते ओळखताना घोळ होतो, नाक सोडलं की वास घशाच्या मागून वर चढतो आणि लगेच नाव आठवतं. आणि शेजारीपाजारी, ओळखीत कुणी अंध असेल तर त्यांनाच जेवायला बोलवा आणि त्या दिवशी वाढायचं काम त्यांना जमतंय का, आवडेल का, ते आधी विचारा. पट्ट्या सोडायच्या आधी मुलांना ताटात काय काय होतं आणि कुठे होतं ते सांगायला लावा, अकरा वर्षांच्यापेक्षा आठ वर्षांचंच जास्त बरोबर सांगेल असा माझा अंदाज आहे, मला कळवा.