लुशोटोला निघण्याआधी

टांझानियाच्या लुशोटो जिल्ह्याचा अभ्यास करायचाय ना? मग नकाशात आधी उंची बघा. खाली पायथ्याच्या मोंबो गावी जीव नकोसा करणारा उकाडा. तिथून 30-35 किलोमीटरचा घाट चढलात की सुमारे 1400 मीटरवर गारेगार लुशोटो. पश्चिम उसांबारा डोंगरातला हा चढच इथलं अर्थकारण घडवतो. उतारावरचा मका, घेवडा, केळी मुख्यतः घरासाठी. दरीतल्या ओलसर पट्ट्यातला कोबी, टोमॅटो, बटाटा मात्र थेट दार-एस-सलामच्या बाजारात. भाजीचे भाव विचाराल तेव्हा रस्त्याचंही विचारा. कारण मार्च ते मे 'मसिका'चा मोठा पाऊस असतो, घाटात माल अडकू शकतो.

लोक प्रामुख्याने सांबा समाजाचे. स्वाहिली चालते, पण घरात त्यांची स्वतःची भाषा, किसांबा, बोलतात. थोडे वांबुगू समाजाचे लोकही आहेत. त्यांची मिश्र भाषा कानावर पडली तर थांबून ऐकाच, असं जगात फार क्वचित सापडतं.

वडीलधाऱ्यांना 'शिकामो', म्हणजे आदराचा नमस्कार, म्हटल्याशिवाय वही उघडू नका. 'मराहाबा' असं उत्तर आलं की बोला. आणि भेटीची वेळ पक्की विचारा: स्वाहिलीत तास सकाळी 6 नंतर मोजतात, 'सा तातू' म्हणजे 9 वाजता.