चर्चमध्ये सेवा करतो, पण आतला गर्व जात नाही. नम्र कसं व्हावं?

तुम्ही लिहिलंय की चर्चमध्ये गाणी घेता, तरुण संघ सांभाळता, पण मनात सतत चालू असतं, 'मी नसतो तर हे झालं असतं का?' नम्र व्हायला जावं तर त्या नम्रतेचाच गर्व वाटतो. मग सेवाच सोडून द्यावी का?

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही. एका लहान मराठी मंडळीत नऊ वर्षं सेक्रेटरी होतो, एवढाच माझा अधिकार. गर्वाचा अनुभव मात्र भरपूर.

एका नाताळला कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानले. मांडववाला, लाउडस्पीकरवाला, केक करून आणणाऱ्या भगिनी, सगळ्यांची नावं आली. माझं राहिलं. मी हसत टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन जेवलो नाही. बायकोने विचारलं तर म्हणालो, "मला नावाची काय पडलीये? आपण प्रभूसाठी करतो." हे मी त्या रात्री तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मग जेवा की."

लूकच्या शुभवर्तमानात १८व्या अध्यायातल्या दाखल्यातला परूशी आठवा, धर्मनियम काटेकोर पाळणारा, मंदिरात प्रार्थना करणारा. तो खोटं बोलत नव्हता. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशमांश, सगळं खरंच करत होता. गोम एकच, तोंड देवाकडे आणि डोळा मागे उभ्या जकातदारावर, ज्याला लोक पापी समजत. माझी सेवाही खोटी नव्हती, नजर तेवढी शेजारी असायची.

आमच्या मंडळीत एक गृहस्थ रिक्षा चालवतात. शास्त्रपाठ वाचताना अडखळायचे, 'थेस्सलनीकाकरांस' हे बायबलमधल्या पत्राचं नाव आलं की हमखास तारांबळ. मी एकदा सगळ्यांदेखत त्यांना दुरुस्त केलं आणि पुढच्या तिमाहीत वाचकांच्या यादीतून त्यांचं नाव गुपचूप काढलं. उपासना नीट व्हावी म्हणून, असं मनाशी कारणही तयार होतं.

त्यानंतर वर्षभरात मी जिन्यावरून घसरलो. पाय दीड महिना प्लास्टरमध्ये. मुलगा परगावी. दवाखान्यात न्यायला-आणायला हेच रिक्षावाले यायचे. एक दिवस त्यांचं लक्ष माझ्या पायाच्या नखांकडे गेलं. मी म्हटलं, "अहो राहू द्या, कशाला!" आणि पाय जमेल तेवढा मागे घेतला. ते फरशीवर बसले, खाली पेपर पसरला आणि एकेक नख कापलं. अंगठ्याचं जाड झालं होतं, त्यावर ओलं फडकं ठेवून थांबले, मग कापलं. अशा वेळी माणसाला भरून येतं म्हणतात. मला राग आला. या माणसाचे उपकार आता माझ्यावर राहणार, याचा राग.

योहानाच्या शुभवर्तमानात १३व्या अध्यायात शिष्य पेत्र प्रभू येशूला आधी आपले पाय धुऊ देत नाही. मी वर्षानुवर्षं ती त्याची नम्रता समजत होतो. त्या दिवशी वाटलं, तोही गर्वच असावा. दुसऱ्याचे पाय धुणं जमतं हो, त्यात आपण देणारे असतो. आपले मळलेले पाय दुसऱ्याच्या हातात देणं जड जातं. म्हणून माझा पहिला सल्ला हाच: कुणाची तरी मदत घ्या, आणि शक्यतो ज्याला तुम्ही मनातून कमी लेखता त्याची. ती फेडायची घाई करू नका.

"यादीतून तुमचं नाव मी काढलं होतं," हे सांगायला मला आणखी तीन आठवडे लागले. ते म्हणाले, "माहीत होतं की." आणि चहा पिऊन गेले.

भाषेची माझी घमेंड उतरवायला पंडिता रमाबाई कामी आल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी संस्कृतच्या ज्ञानासाठी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, त्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबल केलं, ते साध्या बोलीच्या जवळचं, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईलाही कळावं म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापण्याचं कामही तिथल्या बायकांनी केलं. एवढं संस्कृत येत असताना ते बाजूला ठेवायचं, आणि मी एका उच्चारावरून माणूस गाळतो!

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. नम्रता म्हणजे मान खाली घालणं नव्हे. आपल्यातल्या कित्येकांच्या आजा-पणज्यांना गावात जातीपायी मान खाली घालूनच चालावं लागलं, आणि ख्रिस्ती झाल्यावर ती वर आली. त्यांना कुणी 'नम्र व्हा' म्हणून गप्प बसवत असेल तर ते शुभवर्तमान नव्हे. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं असं प्रेषित पौल लिहितो. ज्याच्याकडे सगळं होतं त्याने ते सोडलं. तेव्हा हा उपदेश आधी खुर्चीवरच्या माणसाला. त्याच पत्रात पुढे युवदीया आणि सुंतुखे या दोघींना एकचित्त व्हा म्हणून विनवणी आहे. म्हणजे तिथल्या मंडळीतही कुरबुरी होत्याच.

'मी पामर, मी धूळ' असं प्रार्थनेत मोठ्याने म्हणण्यावर माझा विश्वास उरलेला नाही. मीही म्हणायचो, आणि म्हणताना आवाज बरा लागला की खूश व्हायचो.

सेवा सोडू नका. सोडलीत तर 'आता बघू कसं चालतं' म्हणत मागच्या बाकावर बसाल, ते जास्त वाईट. महिन्यातून एक रविवार गाणी दुसऱ्याला घेऊ द्या, तो तुमच्याइतका सुरात नसला तरी. आणि तो चुकला की शेजारच्याकडे बघू नका. मला हे शेवटचं अजून जमत नाही. आमचे रिक्षावाले परवा पुन्हा 'थेस्सलनीका'पाशी अडकले, आणि माझी मान आपोआप बायकोकडे वळली. ती डोळे मिटून ऐकत होती.