वाय-अक्षाची मर्यादा बदलताच बॉक्सप्लॉट का बदलतो?

जीजीप्लॉट२ (आर भाषेतील आलेख काढण्याचे पॅकेज) मध्ये ‘वायलिम(०, १००)’ लिहिल्यावर बॉक्सचा, म्हणजे नोंदींचा मधला निम्मा भाग आणि मध्यक दाखवणाऱ्या आयताचा, आकार का बदलतो आणि दोन पॅनेलना (एकाच आलेखातील उपआलेखांना) वेगवेगळ्या मर्यादा कशा द्याव्यात, असे तुम्ही विचारले आहे. ‘वायलिम’ मर्यादेबाहेरच्या नोंदी आधी ‘एनए’ (नोंद उपलब्ध नाही) करते आणि बॉक्स उरलेल्या नोंदींवरून काढला जातो. तीच मर्यादा ‘कोऑर्ड_कार्टेशियन’मध्ये दिली, तर गणित सर्व नोंदींवर होते आणि दिसणारा भाग तेवढा बदलतो. पायथनमधील आलेखांच्या मॅटप्लॉटलिबचे ‘सेट_वायलिम’ही केवळ दिसणारा भाग बदलते, त्यामुळे पायथनची सवय असलेल्यांची येथे हमखास फसगत होते.

माझ्या एमएस्सीच्या प्रबंधात ४० विहिरींतील नायट्रेटची मोजमापे होती आणि त्यांपैकी ६ विहिरींत ते प्रति लिटर १०० मिलिग्रॅमच्या वर होते. त्या बिंदूंमुळे बॉक्स चेपला जातो, तेव्हा अक्ष शंभरावर थांबवा, असे मार्गदर्शक सरांनी सांगितले. मी ‘वायलिम’ लिहिले. ६ ओळी वगळल्याची सूचना आली, ती वाचली नाही. मध्यक ५१ वरून ४३ वर उतरला. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक विहिरींचे पाणी त्या मर्यादेपलीकडे असताना माझा आलेख नेमके उलटे सांगत होता. तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी तक्त्यातील मध्यक आलेखाशी ताडून पाहिला, तेव्हा सरांनी सारा दोष सूचना न वाचण्यावर ढकलला. ती चूक माझीच होती. परंतु सर्वांत दूषित ६ विहिरी दृष्टीआड करण्याची मागणीच मुळात गैर होती, असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

म्हणून तुम्हीही बिंदू कापू नका, मोठी मूल्ये जवळ आणणारा लॉग अक्ष देणारे ‘स्केल_वाय_लॉग१०’ वापरा. पॅनेलसाठी ‘फॅसेट_रॅप’मध्ये ‘स्केल्स’ला ‘फ्री_वाय’ दिल्यास प्रत्येक पॅनेल आपल्या नोंदींनुसार अक्ष घेते, पण वाचकाला तुलना करायची असेल तर ते मला पटत नाही. मात्र एखादे मोजमाप शून्य असेल तर लॉग अक्ष तेही वगळतो. अशा वेळी ‘कोऑर्ड_कार्टेशियन’ वापरून दिसणाऱ्या भागाबाहेर राहिलेली मोजमापे किती व केवढी, हे आलेखाखाली लिहावे. माझ्या प्रबंधाच्या सुधारित प्रतीत ती ओळ आहे. सरांना ती नको होती, तरी मी ती काढली नाही.